बोंबलाच्या पुड्यातली शेळी

बन्सी महाजनच्या घरात मासळी शिजत नाही. त्याच्या आजोबांच्या आजोबांपासून कधी शिजलेली नाही. पारोळ्याकडचं माळकरी घर, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला कांदा-लसूणही बंद. असा हा माणूस गेली दोन वर्षं दर आठवड्याच्या सुट्टीला बोईसरच्या बाजारात जाऊन अर्धा किलो सुके बोंबील घेतो, असं कुणी गावाकडे जाऊन सांगितलं तर लोक सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील. पण गोष्ट खरी आहे, आणि त्यात बोंबलांचा दोष काडीचाही नाही. दोष असलाच तर एका शेळीचा आहे.

बन्सी तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, आणि राहायला कुंभवलीत, दोन खोल्यांत. बायको अर्चना, आणि तिच्याहून जास्त जागा अडवून बसलेला त्याचा संग्रह. संग्रह म्हणजे नाणी नाहीत, तिकिटं नाहीत. जुनी कार्टूनं. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची जी चित्रपट्टी यायची, ती. कॉमिकची पिवळी पडलेली पुस्तकं, च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी चित्रं, झाकणावर नाकेला विदूषक असलेली कंपासपेटी, कुठल्याशा दिवाळी अंकाच्या चित्राचा छपाईचा जस्ताचा ठोकळा. बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरभरून हे सगळं पलंगाखाली. त्यामुळे अर्चनाची पापडाची गोणी कपाटावर गेली, आणि ती काढायची वेळ आली की दर वेळी बन्सीला दोन शब्द ऐकावे लागतात.

हा नाद लागला कसा, तर रंगामुळे. कारखान्यात कापडावर एक रंग केसभर जरी सरकला तरी अख्खा तागा बाद होतो, साहेब डोकं खातो. आणि इकडे जुन्या छपाईत राजाचे ओठ मिशीवर छापलेले, राणीच्या साडीचा लाल रंग शेजारच्या घोड्याच्या पाठीवर सांडलेला, आणि तरीही लोकांनी ते हौसेनं वाचलेलं! बन्सीला याचं फार कौतुक वाटायचं. हे काढलं कुणी असेल, छापताना कुणाच्या लक्षात कसं आलं नसेल, असे प्रश्न त्याच्या डोक्यात भुंग्यासारखे फिरत. पालघरच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला एकदा चक्क हातानं काढलेली मूळ चित्रपट्टी मिळाली होती. जाड कागद, खाली निळ्या पेन्सिलीच्या पुसट रेषा, वर काळी शाई आणि एका ठिकाणी पांढऱ्या रंगाचं ठिगळ. तो कागद त्यानं खिडकीशी धरला तर ठिगळाखाली मिशा दिसल्या. म्हणजे चित्रकारानं त्या माणसाला आधी मिशा काढल्या आणि मग विचार बदलला. का बदलला? बन्सी आठवडाभर त्याच विचारात होता. अर्चना म्हणाली, "बायकोला आवडल्या नसतील." त्याला ते पटलं.

तर शेळी. शेजारी रामकिसन राहतो, बिहारकडचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला होता आणि तोंडाला चव नव्हती. "बन्सीभाई, बाजार जा रहे हो तो थोडा सूखा बोंबिल लेते आना," असं त्यानं अंथरुणातून सांगितलं. आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? बन्सी नाक दाबून सुक्या मासळीच्या ओळीत गेला आणि जी पहिली बाई दिसली तिच्यापुढे उभा राहिला. ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची रंभाबाई. साठीची, खणखणीत आवाजाची, पाटीमागे मांडी घालून बसलेली. तिनं बोंबील तोलले, एका पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडा हातात ठेवला.

रस्त्यात बन्सीचं लक्ष पुड्यावर गेलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. कागदावर चित्रपट्टी होती. चार चौकटी. एका दीपगृहाचा म्हातारा राखणदार, टक्कल, गळ्यात मफलर, नाव बत्तीवाले आबा. त्यांची शेळी मखमल. पहिल्या चौकटीत किनाऱ्याला एक अनोळखी होडी लागलेली, तिच्यात कोबीचा गड्डा. दुसरीत मखमल होडीत चढते. तिसरीत ती निवांत कोबी खाते आहे आणि होडी सुटते. चौथीत आबा दीपगृहाच्या वरच्या कठड्यावरून ओरडताहेत: "अगं, दिवा लावायची वेळ झालीय, मी खाली कसा येऊ?"

बन्सीनं ही पट्टी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. वर्तमानपत्र मुंबईचं सांजदैनिक, बंद पडून पंचवीस वर्षं उलटलेली. चित्रकाराची सही नाही, कोपऱ्यात फक्त एक एवढासा खेकडा. रामकिसनला बोंबील दिले, कागद मागून घेतला आणि रात्री जेवताना त्यानं अर्चनाला विचारलं, "मखमल परत आली असेल का गं?"

"कोण मखमल?"

"शेळी."

अर्चनानं भाजी वाढली. नवऱ्याला ती ओळखून होती.

पुढच्या सुट्टीला रामकिसनचा ताप उतरलेला होता, तरी बन्सी बाजारात गेला. रंभाबाईनं ओळखलं. "आलात? कसे झालते बोंबील?"

आता इथे त्यानं सरळ सांगून टाकायला हवं होतं. मावशी, मी खात नाही, मला तुमचा कागद हवा. एवढंच. पण समोरची बाई अशा अभिमानानं बघत होती की त्याची जीभ वळली नाही. सुकवलेली मासळी पाण्यातच घालायची असणार, एवढं त्यानं मनाशी ठरवलं आणि घरी आई जे करायची ते सांगून मोकळा झाला.

"छान झाले. रात्रभर भिजत घातले. सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवले."

"फडक्यात?"

"हो. घट्ट. माझ्या मंडळींच्या हाताला चव आहे."

रंभाबाईनं तागडी उचलली. "बरं," ती म्हणाली, आणि अर्धा किलो तोलले.

त्या पुड्यावर पुढची पट्टी निघाली. त्याच्या पुढच्या सुट्टीला त्याच्याही पुढची.

बन्सीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दर आठवड्याला एक पट्टी, आणि तारखेनं ओळीत! आबांना दिवा सोडून जाता येत नाही, म्हणून ते वाट बघतात. येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारतात. एक जण सांगतो, शेळी गलबतावर पाहिली. दुसरा सांगतो, ती आता कप्तान झाली. आबा रात्री तिच्यासाठी एक पातेलं भरून ठेवतात आणि सकाळी ते कावळ्यानं उपडं केलेलं असतं. हसू यायचं, आणि हसता हसता आबांसाठी वाईटही वाटायचं. बन्सीनं संग्राहकांच्या मोबाइल ग्रुपवर फोटो टाकले. पुण्या-नाशिकचे जुने जाणते लोकही चक्रावले. ही पट्टी कुणाला माहीत नव्हती, त्या सांजदैनिकाचे अंक कुठल्या ग्रंथालयात सापडत नव्हते. शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. मग तर बन्सीचा जीव टांगणीलाच लागला.

रंभाबाईशी बोलता बोलता कागदांचा उगमही त्याला कळला. तिचा नवरा गावातलं वाचनालय बघायचा. ते बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे घरच्या माळ्यावर टाकले गेले. नवरा गेल्यावर ती तेच कागद पुड्यांना वापरत होती. बन्सीनं मनाशी हिशेब जुळवला: गठ्ठा ओळीनं रचलेला, ती वरून एकेक कागद काढणार, म्हणून पट्ट्या ओळीनं येतात. ग्रुपवरही त्यानं हेच ऐटीत लिहिलं. पुसलेल्या मिशांचा छडा लावायला आठवडाभर डोकं खाजवणारा हा माणूस, पण दिवसभरात रंभाबाईची शंभर गिऱ्हाइकं होतात आणि शेळी नेमकी आपल्याच पुड्यात कशी येते, हा प्रश्न त्याला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. अहो, रामकिसननं एकदा स्वतः जाऊन बोंबील आणले तर त्याच्या कागदावर शेअरबाजाराचे भाव होते. तरी याच्या डोक्यात उजेड पडला नाही!

घरी मात्र वेगळाच तमाशा. कागदाला वास. बन्सी तो दारामागच्या दोरीवर सावलीत वाळवायचा, मग कडुनिंबाचा पाला घालून दोन लाकडी पाटांमध्ये दाबून ठेवायचा. तरी डबा उघडला की अख्खी खोली बंदरावर जायची. "गळ्यात माळ आणि दोरीवर हे," अर्चना म्हणायची. "सासूबाई आल्या तर मी काय सांगू?" रामकिसन तेवढा खूश. त्याला दर आठवड्याला फुकट बोंबील. "बन्सीभाई, आज भी?" तो दारातूनच हात पुढे करायचा.

आणि रंभाबाईजवळचं खोटं वाढतच गेलं. ती दर वेळी विचारायची, हा दर वेळी सांगायचा. एकदा बोंबलांचं भरीत केलं म्हणाला. एकदा त्यात शेव घातली. ती सगळं मन लावून ऐकून घ्यायची, मधूनच "मंग?" म्हणायची. पाटीशेजारी तिनं त्याच्यासाठी एक लाकडी खोका उपडा घालून ठेवला होता. त्यावर बसून हा अर्धा-अर्धा तास बोलायचा. त्याला बरं वाटायचं आणि उठताना मनाला लागायचंही, कारण ती निवडून निवडून चांगले बोंबील त्याला द्यायची.

मग एका सुट्टीला ती म्हणाली, "आता जुना कागुद सपत आला, बन्सीभाव. आमचा दिपेश घर मोडून नवा बांधतोय. माळा उतरवायचा हाय."

बन्सी खोक्यावर सावरून बसला. गेल्या पट्टीत आबांना क्षितिजावर एक ठिपका दिसला होता. होडी की नुसतीच लाट? तोंडाशी आलं होतं की मावशी, तो गठ्ठा मला द्या. पण मग ती विचारणार, कशाला? आणि मग दोन वर्षांचं भरीत, शेव, फडकं सगळं बाहेर पडणार. तो "असं का" म्हणून पुडा घेऊन निघाला. त्या पुड्यावर ठिपका थोडा मोठा झाला होता. इतकंच.

पुढच्या सुट्टीला रंभाबाईची जागा रिकामी. त्याच्या पुढच्याही. शेजारच्या कोळणीनं सांगितलं, तिचा पाय मुरगळलाय, आणि घराची कौलं उतरवायला घेतलीत. बन्सी घरी आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. अर्चनानं विचारलं, तर म्हणाला, "माळा उतरवताहेत. रद्दीवाला सगळं घेऊन जाईल."

"मग जाऊन माग ना."

"काय म्हणून मागू? दोन वर्षं तिच्या तोंडावर खोटं बोललोय मी. तिचे बोंबील मी कधी तोंडात घातले नाहीत, हे ऐकून तिला काय वाटेल?"

"वाईट वाटेल," अर्चना म्हणाली. "आणि नाही गेलास तर तुला वाईट वाटेल. कुणाला तरी एकाला वाटणारच. आणि तसाही तिचा पाय बघायला जायला हवंच, का तेही शेळीवरच अवलंबून आहे?"

हे वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेऊन बन्सी सहा आसनी रिक्षानं मुरब्याला गेला.

गावात शिरताच त्याला पहिल्यांदा बोंबील कसे वाळतात ते दिसलं. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर हजारो बोंबील, दोघा-दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले, ना दोरी ना खिळा. तो विसरूनच गेला कशासाठी आलोय ते. पहिल्या माणसाला ही युक्ती कशी सुचली असेल, असा विचार करत तो तिथे बराच वेळ उभा होता. मग आठवण झाली तसा लगबगीनं पुढे गेला.

रंभाबाईच्या घराची अर्धी कौलं खाली आली होती. अंगणात ती पाय लांब करून बसली होती, घोट्याला पट्टी. तिची सून भाविका पाणी घेऊन आली, पाहुण्याकडे बघितलं आणि सासूला म्हणाली, "आई, हेच का ते शेळीवाले?"

बन्सीच्या हातातला पेला तसाच राहिला.

रंभाबाईनं सुनेकडे डोळे वटारले. पण आता काय उपयोग? भाविका पदर तोंडाला लावून आत पळाली.

"मावशी," बन्सी म्हणाला. "मी मासे खात नाही. आमच्यात चालत नाहीत. मी ते कागदासाठी..."

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपंपासून. सुकं बोंबील रातभर भिजवलं तर सकाळी चिखल उपसाया लागतो, मटकी नाय. नि फडक्यात कोण बांधतं? मोड आणायचे व्हते का बोंबलाला?"

आतून भाविकाचं हसू ऐकू आलं. बन्सीला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

"पयलं मला वाटलं, मांजराला घालतो हा बाबा. मंग बघितलं, तुमी पुडा घेतलात की बोंबील नाय बघत, कागुद सरळ करून बघता. पयले दोन कागुद योगायोगानं गेले व्हते; मंग घरी येऊन मी पण कागुद बघितला." रंभाबाई चौथीपर्यंत शिकली होती; एकेक अक्षर लावत तिनं ती पट्टी वाचली होती. "मंग मला पण लागली ना खोड! शेळी गेली कुठं? माळ्यावर चढून सगळे कागुद काढले, तारखा बघून लावले. एकेक वाचायची नि सुट्टीला तुमच्यासाठी घेऊन यायची. दुसऱ्या कुणाला दिला नाय एक पण."

दोन वर्षं बन्सी ज्याला नशीब समजत होता ते समोर पाय लांब करून बसलं होतं. ग्रुपवर लिहिलेली ती गठ्ठ्याची फुशारकी आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे शेवट तुम्हाला माहीत आहे?"

"कवाचा."

"आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत?"

रंभाबाई घोट्याची पट्टी उगाच नीट करू लागली. मग मान वर न करताच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी परत आले असते?"

बन्सीनं पेला खाली ठेवला.

"आमचे हे गेल्यापासून बाजारात माणसं भाव विचारतात नि जातात. तुमी यायचे, खोक्यावर बसायचे, काय एकेक थापा मारायचे. बोंबलात शेव! घरी येऊन मी भाविकाला सांगायची, आमी दोघी पोट धरून हसायच्या. माझ्याशी खोटं बोलाया तरी दुसरं कोण येतं?" तिनं डोळे पुसले आणि आत हाक मारली. "भाविका, माझी पेटी आण गं."

पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली एक कागद होता. बोंबलांचा नाही, कापराचा वास येत होता त्याला. रंभाबाईनं तो दोन्ही हातांनी उचलून बन्सीला दिला.

पहिल्या चौकटीत होडी किनाऱ्याला लागते. दुसरीत मखमल उतरते, मोठी झालेली, गळ्यात गलबताची घंटा. तिसरीत आबा दिवा, जिने, सगळं टाकून पहिल्यांदाच खाली धावत येतात, मफलर मागे उडतो आहे. आणि चौथीत? चौथीत मखमल आबांकडे ढुंकूनही बघत नाही. ती आबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाते आहे. पार अर्धं खाऊन झालंय. आबा म्हणताहेत, "खा बाई, तसंही उद्यापासून येणार नाहीये." खाली समाप्त, आणि कोपऱ्यात तो एवढासा खेकडा, या वेळी नांगी वर करून निरोप घेणारा.

तारीख बन्सीनं दोनदा वाचली. त्या सांजदैनिकाचा तो शेवटचा अंक होता. चित्रकाराला कळलेलं होतं. त्यानं आपली शेळी घरी आणली आणि बंद पडणारं वर्तमानपत्र तिलाच खाऊ घातलं! बन्सी हसायला लागला. रंभाबाई त्याचीच वाट बघत होती. तीही हसायला लागली, आणि बाहेर येऊन भाविकाही. हसता हसता बन्सीच्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

निघताना त्यानं कागद तिच्यापुढे धरला. "मावशी, हा तुमच्याकडेच राहू दे."

"मी काय करू त्याचं? वाचून पाठ झालाय." तिनं तो घडी करून त्याच्याच खिशात कोंबला. "आता तुमची सुट्टी मोकळी झाली, बन्सीभाव. बाजारात यायला नको, वास नको."

बन्सी "येतो" म्हणाला आणि रिक्षात बसला.

त्या रात्री त्यानं शेवटच्या पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकला. फोन रात्रभर वाजत राहिला. शोध कसा लागला, असं सगळे विचारत होते. बन्सीनं लिहिलं, "मी नाही लावला. मुरब्याच्या रंभाबाईंनी लावला," आणि फोन बंद करून ठेवला.

पुढच्या महिन्यात पाय बरा झाल्यावर रंभाबाई पुन्हा बाजारात आली. पाटी मांडली, बोंबील लावले. खोका आणावा की नाही यावर घरी बराच विचार केला होता तिनं, आणि शेवटी आणलाच नव्हता. डोक्यावर पाटी, त्यात पाय अजून जपून टाकावा लागे. उगाच ओझं कशाला, असं ती भाविकाला म्हणाली होती.

उन्हं चढल्यावर समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिनं मान वर केली.

"अर्धा किलो द्या," बन्सी म्हणाला. इकडेतिकडे खोका शोधला, दिसला नाही, तसा तो सरळ जमिनीवर मांडी घालून बसला. "मागच्या खेपेचे फार छान झाले होते, मावशी. आम्ही त्याची खीर केली."

रंभाबाईचे हात तागडीवरच थांबले. मग तिनं एकेक करून, निवडून, चांगले बोंबील पारड्यात टाकले.

"जुना कागुद नाय आता," ती हळूच म्हणाली. "कालचा हाय. चित्र नाय त्यात."

"असू दे."

तिनं पुडा बांधला. अर्धा-पाऊण तासानं बन्सी उठला, पुडा काखेत मारला आणि कुंभवलीच्या रिक्षात बसला. घरी पोचून रामकिसनच्या हातात देईपर्यंत त्यानं त्या कागदाकडे एकदाही पाहिलं नाही.